भोपळ्याच्या बियांची शिल्लक

मकरसंक्रांतीच्या दिवशी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पोंगल साजरा होतो. तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारू, मन्नारगुडी या गावांच्या बाजारांत त्या आठवड्यात उसाच्या मोळ्या, पानांसह उपटलेली ओली हळद आणि लाल भोपळ्यांच्या राशी येऊन पडतात. महाराष्ट्रातील भोगीच्या भाजीशी नाते सांगणारी, सात भाज्यांची ‘एळुकरि’ या दिवसांत घरोघर रांधली जाते. वाल, रताळे, सुरण यांच्या जोडीने त्या भांड्यात भोपळा हवाच. सण पार पडतो, भोपळा संपतो, आणि त्याच्या पोटातून निघालेला बियांचा चिकट गोळा मात्र उकिरड्यावर जातो.

त्याच सुमारास चेन्नईच्या किंवा मुंबईच्या एखाद्या मोठ्या दुकानात याच फळाच्या सोललेल्या हिरव्या बिया चकचकीत पाकिटांतून किलोमागे काही शे रुपयांना विकल्या जात असतात. खेड्यातून नोकरीसाठी शहरात गेलेला मुलगा त्या पाकिटाला पौष्टिक खाद्य समजून पैसे मोजतो, आणि त्याची आई गावाकडे तीच वस्तू फेकून देते. घरात असलेल्या वस्तूचे मोल बाजाराने पाकिटात घालून दाखवल्याशिवाय कळू नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. भोपळ्याच्या बिया घरी भाजून खाव्यात, हे सांगण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. परंतु त्या भाजण्यामागे काटकसर, आहार आणि घरातील कामाची वाटणी असे तीन प्रश्न दडलेले आहेत, आणि ते या कावेरीकाठच्या गावांत फार स्पष्ट दिसतात.

परदेशी फळ, घरचे झाले

तमिळ भाषेत लाल भोपळ्याला ‘परंगिक्काय’ म्हणतात. परंगी म्हणजे फिरंगी. कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेले पोर्टो नोव्हो हे बंदर तमिळमध्ये ‘परंगिपेट्टै’ या नावाने ओळखले जाते. मराठी वाचकाला त्यातील फिरंगी आणि पेठ हे दोन्ही शब्द सहज ओळखता येतील. भोपळ्याचे हे कुळ मूळचे अमेरिका खंडातील. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील एका गुहेत सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचे अभ्यासकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. मका आणि घेवडा यांच्याही आधी त्या भूमीतील माणसाने भोपळा लावला तो बहुधा बियांसाठीच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात, कारण रानटी भोपळ्याचा गर कडू असतो आणि बी मात्र धुऊन खाता येते. म्हणजे या फळाच्या इतिहासात बी आधी आले आणि गर नंतर. भारतात आल्यावर हा क्रम उलटला. गर पानात आला, बी बाहेर राहिले.

कावेरीकाठी या परक्या वेलाला फार लवकर घरचा मान मिळाला. आषाढ-श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या ‘आडि’ महिन्यात पेरणी करावी, अशा अर्थाची ‘आडिप् पट्टम् तेडि विदै’ ही म्हण तेथील शेतकऱ्याच्या तोंडी असते. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. धरण १९३४ मध्ये पुरे झाले. ते पाणी कालव्यांतून गावोगाव पोहोचते आणि आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी ‘आडिप्पेरुक्कु’ला नदीचे पूजन होते. भातखाचरात कुरुवै आणि सांबा या हंगामांची घाई चाललेली असताना घरामागच्या परसात, तेथील भाषेत ‘कोल्लै’त, भोपळ्याचे चार दाणे टोचले जातात. मार्गशीर्षात, म्हणजे ‘मार्गळि’ महिन्यात, अंगणातील कोलम रांगोळीच्या मध्यभागी शेणाचा गोळा ठेवून त्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोचण्याची चाल आहे. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात व नरफुले संख्येने पुष्कळ असतात. फळ न धरणारे फूल रांगोळीला द्यायचे आणि मादीफूल वेलावर राखायचे, ही निवड तेथील गृहिणी सहज करते. वेलाच्या फुलापर्यंत इतकी सजग असलेली संस्कृती बियांपाशी येऊन हात का झटकते, हा प्रश्न म्हणूनच पडतो.

या प्रदेशाचे मराठी माणसाशी असलेले नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापली आणि ती १८५५ पर्यंत चालली. त्या काळात तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तंजावर आणि आसपासच्या गावांत आपली मराठी बोली राखून आहेत. या संपर्काच्या खुणा स्वयंपाकघरातही उरल्या. तमिळ घरांत उडदाचे पीठ दह्यात कालवून ‘डांगर पच्चडि’ नावाचे तोंडीलावणे करतात. त्यातील डांगर हा उघडच मराठी शब्द. महाराष्ट्रात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा तो प्रकार आणि डांगर म्हणजे लाल भोपळाही. दोन अर्थांपैकी एक कावेरीकाठी जाऊन रुजला आणि दुसऱ्याच्या जागी परंगी हे नाव राहिले. खाद्यपदार्थांच्या गुणदोषांचा विचार करणारा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारे रघुनाथ गणेश नवहस्त यांचाही सतराव्या शतकातील तंजावरच्या दरबाराशी संबंध होता. अन्न हा गंभीर विचाराचा विषय आहे, ही जाणीव त्या भूमीत तेव्हापासून आहे.

बियांचे तीन वाटे

भोपळ्याच्या बिया खेड्यात पूर्वी वाया जात होत्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जोपर्यंत दारी गाय होती तोपर्यंत घरात वाया जाणारे असे फारसे काही नव्हते. तांदळाचे धुवण, भाज्यांच्या साली, भोपळ्याचे आतडे हे सारे गोठ्याजवळच्या कुंडीत पडत असे आणि दुसऱ्या दिवशी दूध व शेण होऊन घरात परतत असे. चांगल्या भोपळ्याच्या निवडक बिया राखेत घोळून पुढच्या आडि महिन्यासाठी ठेवल्या जात. उरलेल्यांतल्या थोड्या कढईत पडत. एक वाटा मातीचा, एक गाईचा आणि एक माणसाचा, असा हा हिशेब कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो चालत होता. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी हळदीच्या पानावर रंगीत भाताचे गोळे पक्ष्यांसाठी मांडणाऱ्या आणि त्याच दिवशी गुरांची पूजा करणाऱ्या समाजाला वाट्यांची ही भाषा नवी नाही.

आता चित्र पालटले आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, कापणी यंत्राने होते, आणि पुष्कळ घरांतून गुरे गेली आहेत. गोठा गेला तेव्हा त्याच्याबरोबर स्वयंपाकघराच्या शिल्लक मालाची पेढीही बंद झाली. बियाणे दुकानातून पाकिटात येऊ लागले, म्हणून मातीचा वाटा खुंटला. बाजारातला भोपळा फोडी करून विकला जातो आणि विक्रेता सुरीच्या एका फटक्यात बिया बाजूला सारतो, म्हणून माणसाचा वाटाही गेला. जे पूर्वी तीन दिशांनी उपयोगी पडत होते ते आता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कालव्याच्या काठावर टाकले जाते. ज्या कालव्याने भोपळा वाढवला त्याच्याच तोंडाशी तो कचरा साचतो.

याच प्रदेशातील आणखी एक दृश्य या संदर्भात आठवते. आयुधपूजेच्या दिवशी दुकाने, कारखाने आणि वाहने यांची दृष्ट काढण्यासाठी कोहळा कापून त्यात कुंकू व नाणी घालतात, आणि तो ओवाळून रस्त्यावर फोडतात. नाणी वेचायला मुले धावतात. बियांकडे कोणी पाहत नाही. रस्त्यावरच्या धुळीतील आणि कुंकवातील त्या बिया खाण्याजोग्या नाहीत हे खरेच; वाहने घसरून अपघात होतात म्हणून रस्त्यावर कोहळा फोडू नये असे आवाहनही केले जाते. तरीही नाणे तेवढे धन आणि बी म्हणजे कचरा, ही आजची दृष्टी त्या दृश्यात नेमकी सापडते. नाणे आहे तेवढेच राहते. बी मातीत गेले तर वाढते आणि पोटात गेले तर बळ देते.

मूठभर बियांत काय असते

कावेरीचा त्रिभुज प्रदेश तमिळनाडूचे भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. मात्र जेथे भात विपुल तेथे ताटही परिपूर्ण, असे समीकरण मांडता येत नाही. पांढऱ्या, सडलेल्या तांदळात प्रथिने आणि खनिजे बेताचीच असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तमिळनाडूतील १५ ते ४९ वयोगटातील ५३.४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. संपूर्ण देशासाठी हा आकडा ५७ टक्के होता. सुपीक जमिनीच्या आणि भरल्या कणगीच्या सावलीत ही उणीव उभी आहे.

या पार्श्वभूमीवर भोपळ्याच्या बियांचे आकडे पाहण्यासारखे आहेत. सोललेल्या वाळक्या बियांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, जवळजवळ ४९ ग्रॅम स्निग्धांश, ७ ते ८ मिलिग्रॅम जस्त, सुमारे ९ मिलिग्रॅम लोह आणि ५०० मिलिग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम असते. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, गर खाल्ला तर साडेसात ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून मिळतात त्याहून किंचित जास्तच.

पण येथेच सावधपणाही हवा. पाकिटावरील जाहिरात ज्या थाटात या बियांना सर्व रोगांवरचे औषध ठरवते, तो थाट आकड्यांना पेलत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. मूठभर बियांतून त्यातले दोन मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम तेरावा-चौदावा हिस्सा मिळतो. त्यातही बियांतील फायटेट नावाचे द्रव्य लोह आणि जस्ताचे शोषण काही प्रमाणात रोखते. घरी सालासकट भाजलेल्या बियांत सालाचे वजन आले, त्यामुळे वरचे आकडे आणखी उतरतात. शिवाय स्निग्धांश भरपूर असल्याने १०० ग्रॅम गरातून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात. टोपलीभर खाण्याचा हा जिन्नस नाही. रक्तक्षयावर वैद्याने दिलेल्या गोळ्यांना बिया पर्याय ठरत नाहीत. मात्र चार वाजता चहाबरोबर तळलेल्या पाकीटबंद खाऊच्या जागी मूठभर बिया आल्या, तर त्या घराच्या आहारात निश्चित भर पडते. ती मर्यादित आहे, पण तिच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

भाजण्याची रीत

या कामाला लागणारे कौशल्य कावेरीकाठच्या घरांत आधीपासून आहे. चैत्र-वैशाखात गच्चीवर वडाम, वत्तल, ताकात मुरवलेल्या मिरच्या वाळत घालणाऱ्या प्रदेशाला वाळवण शिकवण्याची गरज नाही. महाराष्ट्रात कोहळ्याचे सांडगे घालणाऱ्या घरांनाही ती नाही.

बिया पिकलेल्या भोपळ्याच्या घ्याव्यात. दुधातल्या कूट्टुसाठी वापरला जाणारा कोवळा भोपळा उपयोगाचा नाही, कारण त्याच्या बिया भरलेल्या नसतात. बियांचा गोळा पाण्यात टाकून बोटांनी चोळला की गराचे तंतू सुटतात. पोचट बिया वर तरंगतात, त्या काढून टाकाव्यात. मग मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकळून निथळल्या तर मीठ आतपर्यंत मुरते आणि साल किंचित मऊ पडते. त्यानंतर कापडावर एकेरी पसरून कडक उन्हात एक-दोन दिवस वाळवाव्यात. ओल राहिलेली बी भाजताना बाहेरून करपते आणि आत चिवट राहते, म्हणून या टप्प्यात घाई करू नये.

भाजण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई आणि मंद आच हवी. सतत ढवळत राहिले की दहा-पंधरा मिनिटांत बिया फुगतात, तडतडतात आणि त्यांवर फिकट सोनेरी रंग चढतो. खमंग वास सुटताच कढई उतरवावी. काळसर रंग येईपर्यंत थांबले तर बी कडवट लागते. शेवटी चमचाभर तिळाचे तेल, मिरपूड, हळद, चिमूटभर हिंग आणि कढीपत्ता घालून परतले की तंजावरी चव येते. महाराष्ट्रात त्याच जागी तिखट, जिरेपूड आणि आमचूर चालेल. साल जाड असेल तर दाताने फोडून आतला गर खावा. पातळ असेल तर सालासकट चावून खाता येते. भाजलेल्या बिया, सुकी मिरची, उडीद डाळ आणि हिंग एकत्र कुटून इडली-भाकरीबरोबर खाण्याची चटणीपूडही उत्तम होते.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. बियांतील तेल हवेने खवट होते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपतील एवढ्याच भाजणे शहाणपणाचे. एखाद्या भोपळ्याचा गर अनैसर्गिक कडू लागला तर तो भोपळा बियांसह टाकून द्यावा; तो कडूपणा विषारी द्रव्याचा असतो. पेरणीसाठी दुकानात मिळणाऱ्या, औषध लावलेल्या रंगीत बिया कधीही खाऊ नयेत. लहान मुलांच्या घशात बी अडकण्याचा धोका असतो, त्यांना पूड करून द्यावी.

श्रम कोणाचे, हिशेब कोणाचा

या सल्ल्यावर सर्वांत योग्य आक्षेप घेतला जातो तो वेळेचा. धुणे, निवडणे, वाळवणे, राखण करणे आणि भाजणे हे सारे कोणी करायचे? भाताच्या लावणीला जाऊन आलेल्या, पाणी भरणाऱ्या आणि दोन वेळचा स्वयंपाक रांधणाऱ्या बाईनेच ना? काटकसरीचे बहुतेक उपदेश पुरुष करतात आणि त्यांची किंमत स्त्रीच्या विश्रांतीतून चुकती होते. वहीत न नोंदलेला हा खर्च जमेस धरला तर कित्येक ‘फुकट’ वस्तू महाग ठरतील.

आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर बियांना सोडून देणे हे नाही. उत्तर कामाच्या वाटणीत आहे. बिया चोळून धुणे हे शाळेतून आलेल्या मुलांना खेळ वाटावे असे काम आहे. वाळत घातलेल्या कापडाजवळ बसून कावळे हाकणे घरातील आजोबांना अवघड नाही. कढईत उलथणे फिरवायला पुरुषाच्या हातालाही येते. ज्या घरात हे चौघे मिळून होते तेथे बिया खऱ्या अर्थाने स्वस्त पडतात. जेथे ते एकटीवर येऊन पडते तेथे तिने बिया टाकून दिल्या तर तिला उधळी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

दुसरा मुद्दा उत्साही लोकांचा आहे. बियांना एवढा भाव असेल तर बचत गटांनी त्या भाजून विकाव्यात, असे सुचवले जाते. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँकांशी जोडणीचा प्रयोग सुरू केला आणि त्यातून देशभर स्त्रियांच्या हाती भांडवल आले, हा अनुभव आश्वासक आहे. तरीही या व्यवसायात उतरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासणे आवश्यक आहे. पहिली कच्च्या मालाची. एका भोपळ्यातून मूठ-दोन मुठीच बी निघते, म्हणून घराघरांतून गोळा करण्याऐवजी मंगल कार्यालये, खानावळी आणि भाजीबाजार यांच्याशी आधी बोलणी व्हावी. तै महिन्यापासून लग्नसराई सुरू होते, तेव्हा मोठ्या स्वयंपाकघरांत बिया ढिगाने निघतात. दुसरी गोष्ट हवामानाची. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस या किनाऱ्याला झोडपतो, तेव्हा उन्हावर विसंबलेला धंदा बंद राहणार हे हिशेबात धरावे. तिसरी गोष्ट मालाच्या प्रतीची. दुकानातील हिरवा गर पुष्कळदा बिनसालीच्या खास जातीचा असतो. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात अशा बियांचे तेल काढतात आणि त्याला १९९६ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. कावेरीकाठचा सालवाला भोपळा त्याची बरोबरी करू शकणार नाही. त्याने स्वतःची चव घेऊनच बाजारात जावे. अन्नसुरक्षा खात्याकडील नोंदणी आणि वेष्टनावरील तारीख याही बाबी टाळता येणार नाहीत.

म्हणून क्रम असा असावा: बिया आधी घरात खाल्ल्या जाव्यात, मग शेजारी द्याव्यात, आणि चव, टिकाऊपणा व पुरवठा यांची खात्री पटल्यावर त्या विकायला काढाव्यात. कर्ज हे चालू असलेल्या कामाला बळ देण्यासाठी असते. काम सुरू होण्याआधीच घेतलेले कर्ज पुष्कळदा कामालाच गिळते. आणि विकण्याच्या नादात घरातील मुलींच्या वाटीतले बी पाकिटात गेले, तर मिळालेल्या पैशाने तीच उणीव भरून काढावी लागेल.

चार दाणे मातीसाठी

कढईत सर्व बिया जाऊ नयेत, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवे. तिरुवारूर जिल्ह्यातील तिरुत्तुरैपूंडीजवळ ‘नेल’ जयरामन यांनी २००६ पासून पारंपरिक भातबियाण्यांचा उत्सव भरवला. त्या उत्सवाची रीत कोणत्याही बँकेला आवडावी अशी होती. शेतकऱ्याने दोन किलो देशी बियाणे न्यायचे आणि पुढच्या वर्षी चार किलो परत आणून द्यायचे. ना तारण, ना कागद. परत आलेले बियाणे नव्या शेतकऱ्यांकडे जाई आणि ठेव वाढत राही. या मार्गाने भाताच्या शंभराहून अधिक जुन्या जाती पुन्हा शेतात उभ्या राहिल्या. जयरामन यांचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांच्या कामामागे प्रेरणा होती ती याच तंजावर जिल्ह्यात जन्मलेल्या, २०१३ मध्ये दिवंगत झालेल्या कृषिशास्त्रज्ञ नम्माळ्वार यांची.

भाताच्या बाबतीत जे घडले ते परसातील भोपळ्याच्या बाबतीत घरोघरी घडू शकते. ज्या वेलाचे फळ गोड, टिकाऊ आणि रोगाला न जुमानणारे निघाले, त्याच्या पूर्ण पक्व फळातील भरदार दहा-बारा बिया धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून ठेवाव्यात. मधमाशा एका वेलाचा पराग दुसऱ्यावर नेतात आणि संकरित फळाची बी पुढे तोच गुण दाखवीत नाही, म्हणून बी गावठी जातीचे घ्यावे आणि शेजाऱ्यांनीही तीच जात लावली तर अधिक चांगले. एका बीपासून वेल होतो, वेलाला चार-पाच फळे धरतात आणि प्रत्येक फळात शेकडो बिया असतात. कोणत्याही मुदतठेवीचा व्याजदर या वाढीपुढे फिका पडेल. फरक एवढाच की येथे व्याजासाठी पाणी घालावे लागते.

काटकसर म्हणजे कंजूषपणा अशी समजूत अलीकडे रूढ होत आहे. वास्तविक काटकसर म्हणजे वस्तूची ओळख राखणे. ज्या घराला आपल्या भोपळ्यात काय आहे हे ठाऊक आहे ते घर बाजारात फसत नाही, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याला आपलीच वस्तू दुप्पट-चौपट दराने विकत घ्यावी लागते. कावेरीकाठच्या किंवा कृष्णाकाठच्या गृहस्थाने येत्या संक्रांतीला भोपळा कापताना बियांचा गोळा क्षणभर हातात धरावा. भरदार तेवढ्या पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढाव्यात, पोचट आणि गराचे तंतू गाईला किंवा खतकुंडीला द्यावेत, आणि बाकीच्या कढईसाठी धुवायला घ्याव्यात. त्या धुण्याचे काम त्याने स्वतः करावे, घरातल्या बाईला सांगू नये. मूठभर भाजलेल्या बियांनी कोणाचे घर श्रीमंत होत नाही. मात्र दर सणाला एक भोपळा, असे वर्षभर चालले तर डबा रिकामा राहत नाही, आणि मुले दुकानाकडे धावण्याआधी त्या डब्याकडे वळतात.